शरीर कोणाला परके मानते

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात कॅन्सरचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच दोन प्रश्न निघतात. एक पैशाचा, दुसरा कारणाचा. पैशाचे उत्तर शोधावे लागते; कारणाचे उत्तर मात्र प्रत्येकाकडे तयार असते आणि बहुधा ते सारखेच असते. अंगातली प्रतिकारशक्ती कमी झाली, म्हणून हा रोग झाला. कुणी दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडकडे बोट दाखवतो, कुणी बाळंतपणाकडे, कुणी कोरोनाकडे. "तवापासून त्याच्या अंगात ताकतच नाही राह्यली," हे वाक्य सेलूपासून समुद्रपूरपर्यंत कुठेही ऐकायला मिळते.

हे उत्तर एकदा पटले की पुढचे निर्णय त्यातूनच होत जातात. ताकद कमी पडली असेल तर ती वाढवायला हवी, मग काढे आले, गुळवेल आली, डब्यातल्या महाग पावडरी आल्या. किमोने ताकद जाते असे ऐकलेले असते, म्हणून किमो पुढे ढकलली जाते. तीन महिन्यांनी रुग्ण परत येतो तेव्हा बोराएवढी गाठ लिंबाएवढी झालेली असते आणि शस्त्रक्रियेने निभावले असते ते आता निभावत नाही. घरच्यांचे प्रेम कमी नव्हते, कष्टही कमी नव्हते. समज चुकीची होती.

प्रतिकारसंस्था आणि कॅन्सर यांचे नाते खरोखर आहे, आणि गेल्या काही दशकांत वैद्यकाने त्यात जे शोधले ते थक्क करणारे आहे. म्हणूनच अर्धवट ऐकलेल्या गोष्टी इथे जास्त घातक ठरतात. पुढची प्रकरणे आशा सेविकांसाठी, गावच्या डॉक्टरांसाठी, शिक्षकांसाठी आणि सर्वांत आधी रुग्णाशेजारी स्टुलावर बसलेल्या नातेवाइकासाठी आहेत. त्या प्रकरणांत शिरण्याआधी मूळ प्रश्न मोकळा करून ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

सुरुवात तोंडाच्या कॅन्सरपासून करणे भाग आहे, कारण तो इथे रोज डोळ्यांसमोर आहे. सुपारीचा बारीक चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या सगळ्या पट्ट्यात पानठेल्यावर मिळतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र गेला नाही. तंबाखूचा दोष आता बहुतेकांना माहीत आहे. पण तंबाखू न घातलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात स्पष्ट नोंदवले आहे. सुपारीने गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू ताठ होत जाते, तिखट सोसवत नाही, तोंड दोनच बोटे उघडते, आणि त्याच जागी पुढे कॅन्सर होण्याचा धोका राहतो.

आता हा रोग होतो कुणाला, ते पाहा. कापसाचे गाठोडे पाठीवर घेऊन अख्खा धुरा चालणारा पस्तिशीचा गडी, ज्याला वर्षात एकदा सर्दी होत नाही, त्याच्या गालात तो निघतो. या माणसाची प्रतिकारशक्ती कमी होती असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्याच्या पेशींतल्या जनुकांवर वर्षानुवर्षे रसायनांचा मारा झाला. पेशीची वाढ आवरणारी जनुके बिघडली आणि ती पेशी अनावर वाढू लागली. रोगाची सुरुवात त्या बिघाडात आहे. सर्दी-खोकल्याशी लढण्याची त्याची क्षमता शाबूत होती आणि तरीही कॅन्सर झाला. मग प्रतिकारसंस्था काय करत होती, हा प्रश्न उरतो, आणि तो अगदी रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर समजायला वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नसेल, असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण कुष्ठरोग. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभे राहिले आणि डॉ. वर्देकरांनी घरोघर सर्वेक्षण, लोकशिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत बसवली, ती पुढे देशाच्या कार्यक्रमाने उचलली. या जिल्ह्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी हा रोग जवळून पाहिला आहे.

कुष्ठरोगाचा जंतू एकच, पण माणसागणिक रोगाची रूपे वेगळी. काहींच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा असतो, त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला असा रुग्ण असतो की त्याची कातडी जंतूंनी भरलेली असते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात. फरक जंतूत नसतो. पहिल्या रुग्णाच्या पेशी जंतूला ओळखून त्याच्यावर तुटून पडतात. दुसऱ्याच्या पेशी त्याच्या बाबतीत गप्प बसतात, आणि विशेष म्हणजे फक्त त्याच्याच बाबतीत. या दुसऱ्या रुग्णाला इतर जंतूंचे रोग सर्रास होत नाहीत. त्याची बाकीची प्रतिकारसंस्था धडधाकट असते. रक्तात प्रतिपिंडेही भरपूर असतात, पण ती इथे कामाची नसतात. म्हणजे प्रतिकार हा अंगात भरलेला एकच साठा नव्हे. एका शत्रूला चोख ओळखणारे शरीर दुसऱ्याकडे पूर्ण दुर्लक्ष करू शकते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ज्या रुग्णात प्रतिकार जोरदार असतो, त्याच्या नसा लवकर खराब होतात, कारण जंतूवर चाललेल्या हल्ल्यात नसच होरपळते. उपचार सुरू झाल्यावर, जंतू मरत असताना, काहींना अचानक 'रिअ‍ॅक्शन' येते. चट्टे लाल होतात, कोपराजवळची नस सुजते, आठ-पंधरा दिवसांत बोटे वाकडी होऊ शकतात. त्या वेळी डॉक्टर काय देतात? प्रेडनिसोलोन, म्हणजे प्रतिकाराचा जोर उतरवणारे औषध, आणि त्यानेच हात वाचतो. कुष्ठरोगाच्या कामात आयुष्य घालवलेल्या कुठल्याही निमवैद्यकीय कार्यकर्त्याला हे तोंडपाठ असते. प्रतिकार वाढला की भलेच होते, असा नियम शरीरात नाही, हे या जिल्ह्याने हाताच्या बोटांवर पाहिलेले आहे. कॅन्सरकडे येताना हे दोन्ही धडे सोबत घ्यायचे.

जंतू निदान परका तरी असतो. कॅन्सरची पेशी परकी नसते. ती आपल्याच पेशीपासून निघालेली, आपलेच रक्त पिऊन वाढणारी, अंगावर बहुतेक आपल्याच खुणा बाळगणारी असते. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत लहानपणीच प्रतिकारसंस्थेच्या टी-पेशींची निवड होते आणि स्वतःच्या शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथेच मोठ्या प्रमाणात बाद केल्या जातात. ही निवड झाली नसती तर आपले सांधे, आपले स्वादुपिंड, आपली थायरॉइड आपणच खाल्ली असती. कॅन्सरच्या पेशीत बिघडलेल्या जनुकांमुळे काही प्रथिने बदललेली असतात आणि टी-पेशीला तेवढ्याच फरकावरून तिला ओळखायचे असते. कधी ओळख पटते. कधी फरक इतका किरकोळ असतो की पटत नाही.

शरीर असल्या पेशी हुडकून मारत असावे, ही कल्पना पाउल एर्लिख यांनी १९०९ सालीच मांडली होती. पन्नासच्या दशकात बर्नेट आणि थॉमस यांनी तिला सिद्धान्ताचे रूप दिले. मग १९७४ साली ओसियास स्टुटमन यांनी थायमस नसलेल्या केसविरहित उंदरांवर प्रयोग केले, आणि त्या उंदरांना इतर उंदरांपेक्षा जास्त कॅन्सर होत नाहीत असे आढळले. त्यानंतर कितीतरी वर्षे हा सिद्धान्त जवळजवळ अडगळीत पडला. त्या उंदरांत प्रतिकाराच्या काही पेशी शिल्लक होत्या हे नंतर उमगले. २००१ साली रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी आणि बी लिम्फोसाइट पेशी मुळीच नसलेले उंदीर घेऊन दाखवले की त्यांना खरोखर जास्त गाठी होतात. त्यातून आजचे चित्र तयार झाले. प्रतिकारसंस्था काही बिघडलेल्या पेशी मारते, काहींना वर्षानुवर्षे दाबून ठेवते, आणि ज्या तिच्या नजरेतून निसटतात त्याच पुढे गाठ म्हणून वाढतात. निदानाच्या दिवशी हाताला लागणारी गाठ ही अशा निवडीतून तरून आलेल्या पेशींची असते. म्हणून 'आता ताकद वाढवली की शरीर तिला खाऊन टाकेल' ही आशा फोल ठरते. त्या शरीराला चुकवूनच ती इथवर आलेली आहे.

दाबून ठेवण्याचा पुरावा ग्लासगोहून आला आणि तो विसरता येत नाही. एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या दोन्ही किडन्या दोन रुग्णांना बसवल्या गेल्या. त्या व्यक्तीला १६ वर्षांपूर्वी मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर झाला होता, शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण बरी मानली गेली होती. किडनी मिळालेल्या दोघांनाही मेलॅनोमा झाला. २००३ साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. दात्याच्या शरीराने त्या लपलेल्या पेशी इतकी वर्षे आवरून धरल्या होत्या. किडनी घेणाऱ्यांना ती शरीराने टाकू नये म्हणून प्रतिकार दाबणारी औषधे दिलेली होती, आणि तिथे त्या पेशींना मोकळे रान मिळाले.

या हकिकतीला दुसरी बाजूही आहे. एकाच्या कॅन्सरच्या पेशी दुसऱ्याच्या निरोगी शरीरात रुजत नाहीत, कारण दुसऱ्याच्या पेशी शरीर लगेच परक्या म्हणून ओळखते. ज्या कामात स्वतःच्या गाठीपुढे प्रतिकारसंस्था अडखळते, तेच काम परक्याच्या पेशीपुढे ती चोख करते. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवणे, त्याची चादर वेगळी धुणे, नातवाला त्याच्या मांडीवर बसू न देणे, याला काहीही आधार नाही. ज्या जिल्ह्याने कुष्ठरोग्याला घरात परत घ्यायला शिकवले, त्याच जिल्ह्यात आज तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाची थाळी ओसरीत ठेवली जाते, हे पाहून जीव तुटतो.

'कमजोर शरीर म्हणजे कॅन्सर' हे समीकरण तपासायला आणखी एक कसोटी आहे. किडनी बसवलेले रुग्ण आणि एचआयव्हीचे रुग्ण, या दोन्ही गटांत प्रतिकार खरोखर घटलेला असतो. समीकरण खरे असते तर या दोन्ही गटांत सगळेच कॅन्सर सारखे वाढायला हवे होते. २००७ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दोन्ही गटांची आकडेवारी एकत्र मांडली. वाढलेले दिसले ते मुख्यतः विषाणूंशी जोडलेले कॅन्सर: लिम्फोमा, कापोसी सार्कोमा, यकृताचा, गर्भाशयमुखाचा. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर वाढलेला नव्हता. आपल्याकडे बायकांत सर्वाधिक भीती ज्याची, तो स्तनाचा कॅन्सर प्रतिकार घटल्यावरही वाढत नाही. मग मंगळवार-शुक्रवारचे उपास करून बाईने अंगातली ताकद घालवली आणि म्हणून तिला गाठ आली, असे सासरचे लोक म्हणतात ते कशाच्या बळावर?

विषाणूंच्या कॅन्सरांत मात्र प्रतिकारसंस्थेला आधीच शिकवून ठेवता येते, आणि ते काम लस करते. हिपॅटायटिस बीची लस यकृताच्या कॅन्सरच्या एका मोठ्या कारणाला अडवते. एचपीव्हीची लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला अडवते; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या लशीला २०२२ साली मंजुरी मिळाली. ही लस विषाणू शिरण्याआधी घ्यायची असते, म्हणून ती मुलींना वयात येताना देतात. झालेला कॅन्सर तिने बरा होत नाही. प्रतिकारशक्ती वाढवून कॅन्सर टाळा, असे कुणाला म्हणायचेच असेल तर त्याचा खरा, तपासलेला अर्थ एवढाच आहे.

गाठ नजरेतून निसटते कशी, याचे तपशील पुढे एका प्रकरणात आहेत. इथे एकच गैरसमज काढतो. पुष्कळांना वाटते की गाठीभोवती प्रतिकाराच्या पेशीच नसतात. प्रत्यक्षात बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर अनेक गाठींभोवती त्यांची गर्दी दिसते. त्यातल्या काही मारायला आलेल्या पण थकलेल्या असतात. काहींना गाठीने वळवून घेतलेले असते. जखम भरून काढणाऱ्या या पेशी नव्या रक्तवाहिन्या उभ्या करून गाठीलाच रसद पुरवतात. खर्ऱ्याने वर्षानुवर्षे चिघळत ठेवलेल्या गालात हा दाह आधीपासूनच चालू असतो आणि तो कॅन्सरला पोसतो. शिवाय शरीराचा स्वतःवरचा हल्ला थोपवणाऱ्या नियामक टी-पेशीही गाठीत जमा होतात. या पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ सालचे नोबेल मिळाले. एरवी ज्या पेशी आपल्याला संधिवातासारख्या आजारांपासून सांभाळतात, त्याच इथे गाठीला सांभाळतात. आता सांगा, काढ्याने 'प्रतिकारशक्ती' वाढली असे क्षणभर मानले, तरी यातल्या नेमक्या कोणत्या पेशी वाढल्या?

गुळवेलीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण कोरोनाच्या काळापासून ती घरोघर पोहोचली आहे. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यकृताची बायोप्सी पाहता ती इजा शरीराच्या स्वतःवरच्या हल्ल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नव्हती असे म्हटले. वाद काहीही असो, किमो चालू असलेल्या रुग्णासाठी मुद्दा सरळ आहे. किमोची बरीच औषधे यकृतातून जातात. त्यात आणखी एक औषध, ज्याचे प्रमाण आणि शुद्धता कुणी मोजलेली नाही, डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचे आहे. जे काही घेत असाल ते निदान सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

पथ्याचेही तसेच. निदान झाल्या दिवसापासून अंडी बंद, दूध बंद, मटण बंद, तेल बंद, असे अनेक घरांत होते. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण आधीच चावू शकत नाही, त्यात ताटातली प्रथिनेही जातात आणि वजन उतरते. उतरलेल्या वजनाला शेकाई, म्हणजे रेडिएशन, झेपत नाही, किमोची तारीख पुढे जाते. वरण, अंडी, दूध, शेंगदाण्याचे कूट, गिळवत नसेल तर पातळ करून, आणि तेही जमत नसेल तर नाकातल्या नळीतून: हे अन्न कॅन्सर बरा करत नाही, पण उपचार पुरा करण्याइतके बळ देते. अन्नाकडून मागायचे ते एवढेच आहे.

किमोने प्रतिकारशक्ती जाते, ही समजूत अर्धी खरी आहे, आणि तो अर्धा भाग नीट कळला तर जीव वाचतो. किमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर काम करते. हाडांच्या मगजातल्या, पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या पेशीही झपाट्याने वाढतात, म्हणून त्यांच्यावरही घाव बसतो. साधारणपणे किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात आणि मग परत भरून निघतात. पुढची किमो त्या भरून निघाल्यावरच देतात. ही घट तात्पुरती असते. ती कायमची समजून उपचार सोडणे चुकीचे, आणि ती किरकोळ समजणेही चुकीचे. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यापुढे गेला तर क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी दवाखान्यात जायचे आणि 'किमो चालू आहे' हे दारातच सांगायचे. आष्टी-कारंजाकडच्या गावांतून सेवाग्राम किंवा सावंगीचे रुग्णालय गाठायला वेळ लागतो. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात पहिले प्रतिजैविक सुरू करून मग पुढे निघणे चांगले. गाडी कुणाची घ्यायची, हे किमोच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे. या पुस्तकातली बाकी सगळी पाने विसरली तरी चालतील, हे एवढे विसरू नये.

टेन्शनने प्रतिकारशक्ती घटते आणि त्यातून कॅन्सर होतो, हा समज शहरातल्या शिकलेल्या घरांत जास्त दिसतो. मानसिक ताणाने शरीरातली काही संप्रेरके आणि पेशींची संख्या बदलते हे खरे. पण ताणामुळे माणसाला कॅन्सर होतो, असे खात्रीने सांगता येईल असा पुरावा नाही. ताणात माणूस खर्रा, दारू, बिडी जास्त खातो-पितो, ते कारण मात्र खरे आहे. मला या समजुतीची खरी चीड येते ती वेगळ्या कारणाने. ती रुग्णालाच आरोपी करते. नापिकीने, कर्जाने, मुलीच्या लग्नाच्या काळजीने आधीच वाकलेल्या बाईला आपण सांगतो की तू काळजी केलीस म्हणून तुला गाठ आली, आणि आता आनंदी राहिली नाहीस तर बरी होणार नाहीस. तिला रडू द्या. रडल्याने गाठ वाढत नाही.

आता त्या भागाकडे, जिथे प्रतिकारसंस्थेने खरोखर कॅन्सरला मागे रेटले आहे. टी-पेशींवर त्यांचा हल्ला थांबवणारे काही ब्रेक असतात. गाठ तेच दाबून धरते. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांनी हे ब्रेक सोडवण्याचा मार्ग दाखवला आणि २०१८ साली त्यांना नोबेल मिळाले. या औषधांनी काही रुग्णांना वर्षानुवर्षांचे आयुष्य मिळाले. ताकद वाढवल्याने हे घडले नाही, गाठीने लावलेला अडसर नेमक्या जागी काढल्याने घडले.

ही औषधे फार महाग आहेत आणि इथेच महाराष्ट्रातल्या एका अभ्यासाचे मोल कळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके-मानेच्या, म्हणजे मुख्यतः आपल्या ओळखीच्या तोंड-घशाच्या, बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर हा अभ्यास झाला. एका गटाला तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांची जोडणी दिली. दुसऱ्या गटाला त्याच औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाचे फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. हे रुग्ण पूर्ण बरे होण्याच्या पलीकडे गेलेले होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना मिळाले ते काही महिने. पण खर्रा-सुपारीने पोळलेल्या गरीब रुग्णाचा विचार करून, त्याला परवडेल अशा मात्रेवर कुणी काम केले, याबद्दल मला त्या डॉक्टरांविषयी मनापासून आदर वाटतो.

दुसरी बातमी पवईची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती २०२३ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना प्रयोगशाळेत कॅन्सरची एक विशिष्ट खूण ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. मुद्दा पुन्हा ओळखीचाच. पण ही खूण काही रक्ताच्या आणि लिम्फच्या कॅन्सरांवर असते. गालाच्या किंवा स्तनाच्या गाठीला हा उपचार लागू नाही. वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन लोक डॉक्टरांकडे जातात आणि निराश होऊन परततात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

'इम्युनोथेरपी म्हणजे नैसर्गिक, तिला साइड इफेक्ट नाही' असेही ऐकू येते. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर, कधी थायरॉइडवर, क्वचित हृदयावरही उलटतात. तेव्हा स्टेरॉइड देऊन त्यांना शांत करावे लागते. कुष्ठरोगातल्या रिअ‍ॅक्शनचेच हे भावंड आहे.

सेवाग्राम-पवनारच्या या भूमीत निसर्गोपचाराविषयी आदर खोल आहे आणि तो असायलाही हवा. साधे अन्न, स्वच्छता, चालणे, व्यसनमुक्ती यांनी कितीतरी आजार टळतात. खर्रा सुटला तर या जिल्ह्यातला तोंडाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणात टळेल, याहून मोठा निसर्गोपचार कोणता? पण गांधीजींचे नाव घेऊन शस्त्रक्रिया नाकारणाऱ्यांना एवढे सांगायचे आहे की जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिसायटिस झाल्यावर गांधीजींनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांच्या आश्रमाच्याच परिसरात कस्तुरबा रुग्णालय वाढले, आणि १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. आज तिथे कॅन्सरवर उपचार होतात, आणि राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाखाली साऱ्या जिल्ह्यातल्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. कुणाला कोणता कॅन्सर होतो, हे गावातल्या तर्काने ठरवण्याची गरज या जिल्ह्याला उरलेली नाही.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. घरात जो प्रश्न आज उभा आहे त्याचे प्रकरण आधी काढा. वाचून झाल्यावर पुस्तक कपाटात ठेवू नका, शेजारी द्या. आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड, मानेतली किंवा स्तनातली न दुखणारी गाठ, यातले काहीही दिसले तर ताकदीचे औषध शोधत बसू नका. सेवाग्राम, सावंगी, वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, जे जवळ असेल तिथे दाखवा. तपासणीसाठी तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि शेकाई यांची सोय आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.